चौकीत तक्रार नाही, म्हणून लोक निर्धास्त आहेत असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्तीत पर्यटन वाढावं म्हणून तुम्ही दोन वर्षं खटपट करताय. रोजगार किती, उत्पन्न किती, रस्त्यांना पैसा कुठून येईल, सगळे हिशेब मांडून झाले. तरी दर बैठकीत कुणीतरी उठून म्हणतं, "आम्हाला सुरक्षित वाटत नाही." पोलिसांकडे विचारलं तर नोंदलेले गुन्हे जवळपास नाहीतच. मग ही भीती खरी मानायची, की विरोधासाठी पुढे केलेलं निमित्त? आणि खरी असेल तर लोकांची समजूत कशी घालायची?

समजूत घालायचं सध्या बाजूला ठेवा. पर्यटन असलेल्या वस्त्यांमध्ये रहिवासी आणि व्यवस्थापन यांच्या मधे बसण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि या प्रश्नाची सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते. तुम्ही "सुरक्षितता" ऐकता आणि गुन्हे मोजायला जाता. बोलणारा माणूस गुन्ह्यांबद्दल बोलतच नसतो.

सुरुवातीला मीही आकडे घेऊनच जायचे. एका डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत असंच सादरीकरण झालं, लोक शांतपणे ऐकून उठून गेले. एक आजी मात्र मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. घर अगदी पायवाटेला लागून, आणि त्याच वाटेने पुढे सूर्यास्त बघायला जायचं. दार जुनं, रंग उडालेलं, पण त्याला कडी नवी कोरी. मी विचारलं, चोरी झाली का? नाही. कुणी त्रास दिला? तेही नाही. "एकदा दार उघडं होतं, एक मुलगा फोटो काढत काढत आत आला. मी भाजी निवडत बसले होते. मला बघून तोच दचकला, माफी मागितली, गेला. चांगल्या घरचा होता." मग? "मग काही नाही. तेव्हापासून दुपारीसुद्धा कडी लावून बसते."

यात पोलिसांनी काय लिहून घ्यायचं? गुन्हा नाही, इजा नाही, त्या मुलाचा हेतूही वाईट नव्हता. पण उघड्या दाराशी बसायची त्यांची सवय गेली, आणि आयुष्यभर स्वतःचं वाटलेलं अंगण आता वाटसरूंचं झालं. या आजी पर्यटनाच्या बाजूने हात वर करतील का, याचं उत्तर माझ्या तक्त्यांमध्ये नव्हतं, त्या कडीत होतं.

म्हणून पहिला मुद्दा: नोंदी कमी असणं हे पुष्कळदा लोकांनी स्वतःला आवरून घेतल्याचं लक्षण असतं. मुलगी संध्याकाळचा जवळचा रस्ता सोडून लांबून येते. म्हातारा माणूस सुट्टीच्या दिवशी फिरायला जातच नाही. आई मुलांना पाण्यावर पाठवायचं बंद करते. काही घडत नाही, कारण घडू शकेल अशा जागी कुणी जातच नाही. कागदावर ती वस्ती सुरक्षित दिसते. गुन्हेगारीच्या अभ्यासात हे जुनंच निरीक्षण आहे, की स्त्रिया आणि वृद्ध माणसं जास्त भीती सांगतात आणि अनोळखी माणसाकडून होणाऱ्या हिंसेच्या नोंदींत मात्र तरुण पुरुष जास्त दिसतात. यावरून "बायका-म्हातारे उगाच घाबरतात" असा निष्कर्ष काढणारे मी बरेच पाहिले. मला तो आळस वाटतो. जो जपून वागतो त्याच्या वाट्याला प्रसंग कमी येणारच, आणि काही झालंच तर सावरायला त्याला जास्त वेळ लागतो, हे त्यालाही ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्या शंकेत तथ्य आहे. "सुरक्षितता" हे निमित्त असू शकतं का? असू शकतं. भाडी वाढली, पाणी कमी पडतं, फायदा दोन-तीन घरांनाच झाला, किंवा सरळसरळ बाहेरच्यांविषयी अढी आहे, हे चारचौघांत बोलायला अवघड जातं. "सुरक्षित वाटत नाही" याला कुणी उलट बोलत नाही, म्हणून सगळी नाराजी तोच सदरा घालून येते. वेगळं कसं करायचं? मी तीन गोष्टी विचारते: कधी, कुठे, आणि कोण. ज्याची भीती खरी आहे तो लगेच सांगतो: रात्री साडेदहानंतर, बस थांब्यापासून पुलापर्यंत, गाड्या उभ्या करून पिणारी टोळकी. ज्याची तक्रार दुसरीच आहे तो "सगळीकडेच, नेहमीच, हे सगळे बाहेरचे" असं बोलतो. तेही ऐकून घ्यायचं, पण ते दुसऱ्या वहीत.

"कोण" या प्रश्नाने मला अनेकदा तोंडघशी पाडलंय. एका किनाऱ्यावरच्या वस्तीत सगळे पर्यटकांच्या नावाने बोटं मोडत होते. खोदून विचारल्यावर कळलं की भीती होती ती गिऱ्हाईक ओढण्यावरून भर रस्त्यात हमरीतुमरीवर येणाऱ्या दलालांची. त्यातले निम्मे तिथलेच, कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. घरच्या माणसाचं नाव घेण्यापेक्षा पर्यटकाचं घेणं सोपं. तिथे पाहुण्यांसाठी शिष्टाचाराचे फलक लावून काय होणार होतं? दलालांना नंबर आणि ठराविक जागा दिल्यावर निम्मी कुरबुर थांबली.

आता हिशेबाकडे येते. तुमची मांडणी अशी आहे की फायदा जास्त दाखवला तर माणूस थोडी गैरसोय पत्करेल. पर्यटनाच्या अभ्यासात याला देवाणघेवाणीचा सिद्धांत म्हणतात. पर्यटनाचे अभ्यासक जॉन ॲप यांनी १९९२ मध्ये तो रहिवाशांच्या मतांना नीट लावून दाखवला आणि तेव्हापासून त्यावर ढीगभर अभ्यास झाले. गर्दी, आवाज, महागाई अशा गोष्टींना तो बराचसा लागू पडतो. सुरक्षिततेला लागू पडत नाही, असा माझा अनुभव आहे. गर्दीच्या बदल्यात पैसा चालतो, पण मुलगी घरी पोचेल की नाही याच्या बदल्यात काहीच चालत नाही. ती वजाबाकीतली रक्कम नसते, ती अट असते. अट पुरी झाली तर माणूस पुढचा हिशेब ऐकतो.

हे उघड दिसलं ते २०२० मध्ये. अमेरिकेत आउटर बँक्स नावाचा किनारपट्टा आहे, तिथलं अर्थकारण बरंचसं पर्यटनावर चालतं. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने तिथल्या डेअर काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, पाहुण्यांना रस्ता बंद केला, आणि काही दिवसांत बाहेर राहणाऱ्या, पण तिथे स्वतःचं घर असलेल्या मालकांनाही. ज्यांच्यावर पोट चालतं त्यांनाच! पैशाची किंमत त्यांना कळत नव्हती असं कोण म्हणेल?

शिवाय पैसा आणि भीती बहुधा एकाच घरात येत नाहीत. पाहुण्यांना घर देणारा मालक स्वतः दुसरीकडे राहतो आणि रात्री दोनचा धिंगाणा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू येतो. एका घरात उतरली तरी वेळा वेगळ्या आणि माणसं वेगळी: नवरा दिवसा गाडी चालवून कमावतो, बायको रात्री एकटी असताना खिडकीबाहेरचे आवाज ऐकते. बैठकीला नवरा येतो. तुमच्या बैठकीत कोण बोलतं आणि कोण येतच नाही, हे एकदा मोजून बघा.

याच कारणाने पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांची १९७५ ची प्रसिद्ध शिडी मी जरा हात राखूनच वापरते. आधी आनंद, मग उदासीनता, मग चीड आणि शेवटी वैर, अशा पायऱ्यांनी वस्ती पर्यटकांविरुद्ध जाते, असं ती सांगते. लक्षात ठेवायला सोपी आहे. पण ती सबंध वस्तीला एक मन समजते. मी पाहिलेल्या वस्त्यांमध्ये सासू वैराच्या पायरीवर, सून आनंदाच्या, आणि दोघी एकाच चुलीपाशी. वरून खाली उतरताही येतं. एखादा त्रास सुटला की लोक चिडीतून पुन्हा उदासीनतेत येतात, आणि उदासीनता ही माझ्या धंद्यात चांगली बातमी असते.

दक्षिण कोरियाच्या राजधानीतलं, सोलमधलं इह्वा-दोंगचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. टेकडीवरच्या त्या जुन्या वस्तीत २००६ मध्ये सार्वजनिक कलेच्या उपक्रमातून भिंती आणि जिने रंगवले गेले. चित्रांवर लोक तुटून पडले. एप्रिल २०१६ मध्ये काही रहिवाशांनीच दोन गाजलेल्या जिन्यांवरची फुलांची आणि माशांची चित्रं रंग फासून पुसून टाकली. आवाज आणि गर्दी असह्य झाली होती. बातम्यांत ते "तोडफोड" म्हणून आलं. मला त्यात दाराची कडी दिसते. त्याच शहरात बुकचोन नावाची जुन्या घरांची वस्ती आहे: रहिवासी सहा हजारांच्या आसपास, आणि वर्षाला येणारे साठ लाखांच्या पुढे. तिथे सर्वाधिक त्रासाच्या भागात संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना बंदी केली. नोव्हेंबर २०२४ पासून चाचणी आणि मार्च २०२५ पासून १ लाख वॉनपर्यंत दंड. जपानमधल्या क्योटोच्या गिओन भागातही २०२४ मध्ये खाजगी गल्ल्यांत शिरायला मनाई झाली, दंड १० हजार येन. दंड किती वसूल होतो हे माझ्या दृष्टीने दुय्यम. रहिवाशाला कळतं की संध्याकाळी पाचनंतर गल्ली त्याची आहे, आणि तसं कुणीतरी अधिकाराने लिहून ठेवलंय.

आतापर्यंतचं एका वाक्यात: भीती म्हणजे गुन्ह्यांची संख्या नव्हे, आपल्या जागेत काय होईल याचा अंदाज न येणं आणि काही झालंच तर धावून कोण येईल हे माहीत नसणं, या दोन गोष्टींतून ती बनते.

यातली दुसरी जास्त महत्त्वाची, आणि तीच सगळे विसरतात. एका बैठकीत मी मदत क्रमांकाची माहिती देत होते. मागून एका बाईंनी विचारलं, "रात्री अकरानंतर उचलतं कोण?" मी म्हटलं, चोवीस तास सेवा आहे. त्या म्हणाल्या, "लावा की." सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकला. संध्याकाळचे सात वाजले होते, अकरासुद्धा नाही. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी त्या दिवशी पुढचं काहीच दाखवलं नाही. त्यानंतर कुठल्याही वस्तीत गेले की आदल्या रात्री स्वतः तो नंबर फिरवून बघते.

आणि फोन उचलला म्हणजे झालं असंही नाही. सोलच्याच इतेवोनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री अरुंद उताराच्या गल्लीत चेंगराचेंगरी होऊन अखेर १५९ जीव गेले. गर्दीत चिरडून माणसं मरतील असं सांगणारा पहिला फोन पोलिसांकडे संध्याकाळी ६:३४ ला आला होता, अनर्थ घडला रात्री सव्वादहाच्या सुमारास. मधे आणखी दहा फोन आले. तुमची वस्ती इतेवोन नाही, पण तुमच्याकडे अरुंद रस्ता आणि सणासुदीची गर्दी असेल तर "आमची रुग्णवाहिका आत कशी येणार?" हा प्रश्न कुणी विचारला आहे का, आठवून बघा. बहुधा विचारला असेल आणि तुम्ही तो वाहतुकीच्या खात्यात टाकला असेल. तो सुरक्षिततेचाच प्रश्न आहे, माझ्या मते सगळ्यात मोठा. ज्याच्या घरात हृदयविकाराचा माणूस आहे त्याला शनिवारची गाड्यांची रांग चोरापेक्षा भयानक वाटते.

तसंच बुडणाऱ्यांचं. किनारा, धबधबा, दरी असेल तर पहिला धावणारा माणूस तिथलाच असतो. बिनपगारी, विनादोर, विनाविमा. काढलेलं प्रेत तो वर्षानुवर्षं डोळ्यांपुढून घालवू शकत नाही. अशा वस्तीत "पर्यटक आणा" म्हणणं म्हणजे त्या पोरांना "आणखी उड्या मारा" म्हणणं. मी जिथे जिथे पगारी जीवरक्षक नेमायला लावले, तिथे पर्यटनाला विरोध करणाऱ्यांचा आवाज उतरला. गंमत म्हणजे त्यांनी कधीच "जीवरक्षक नाहीत म्हणून विरोध" असं म्हटलं नव्हतं.

उलट दिशेनेही गोष्टी घडतात हे सांगायला हवं. येणारी-जाणारी माणसं असल्याने रस्ता जास्त सुरक्षितही वाटू शकतो. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावर लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांची गोष्ट मांडली, ती आजही खरी आहे. पण डोळे असून भागत नाही, ते तिथल्याशी बांधलेले हवेत. घरं एकेक करून पाहुण्यांच्या मुक्कामाला गेली की हंगामात दर तीन दिवसांनी नवा शेजारी, आणि हंगाम सरला की ओळीने अंधाऱ्या खिडक्या. मला विचाराल तर दुसरी अवस्था जास्त भीतीदायक, आणि ती पर्यटनाच्या खात्यावर कुणी मांडत नाही. बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, त्यामागे मुख्य राग घरांचा होता. तिथल्या महापालिकेने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं ठरवलंय. आपण उद्या इथे राहू शकू का, हीसुद्धा सुरक्षितताच. भाडेकरू रहिवासी असतील तर हा मुद्दा बाकी सगळ्यांना मागे टाकतो.

कशावर काय अवलंबून आहे, तेही सांगते, नाहीतर माझं उत्तर औषधाच्या चिठ्ठीसारखं वाटेल. येणारे मुक्कामी आहेत की दिवसभराचे? मुक्कामी माणसाचं नाव-गाव यजमानाला माहीत असतं, दिवसभराच्या गर्दीचं कुणालाच नाही. दारू कुठे आणि कधीपर्यंत मिळते? पूर्वी एखादा गंभीर प्रसंग घडलाय का? घडला असेल तर त्याचा उल्लेख टाळू नका, सगळे त्याचाच विचार करत बसलेले असतात. आणि पोलिसांवर लोकांचा मुळात विश्वास आहे का? नसेल तर गणवेश वाढवल्याने भीतीही वाढू शकते.

कॅमेऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. गुन्हेगारीचे अभ्यासक ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, त्यात कॅमेऱ्यांचा परिणाम सगळ्यात ठळक दिसला तो वाहनतळांवर. तिथे जरूर लावा. वस्तीच्या गल्ल्यांत मात्र कॅमेरा बहुतेक वेळा नंतरचा पुरावा असतो, रात्री एकट्याने चालणाऱ्या बाईच्या हाकेला तो ओ देत नाही. दिव्यांचंही तसंच. एकच झगझगीत दिवा लावला की त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. मंद, जवळजवळ, खाली तोंड केलेले दिवे बरे.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर आधी एक रात्रीची फेरी काढली असती. शनिवारी, रात्री दहा ते बारा, सात-आठ जण: दोन तरुण मुली, एखादी वृद्ध व्यक्ती, एखादा रात्रपाळी करणारा, पाहुण्यांना घर देणारा एक मालक. हातात वस्तीचा नकाशा. जिथे कुणाचा पाय अडखळतो, कुणी पदर किंवा पिशवी सावरतं, तिथे खूण करायची. त्या दोन तासांत जे कळतं ते वर्षभराच्या बैठकांत कळत नाही. खुणा बहुतेक तीन-चार जागीच गोळा होतात, म्हणजे काम आवाक्यातलं असतं.

मग पाहुण्यांना दिलेल्या प्रत्येक घराला चालत पोचता येईल इतक्या जवळ राहणारा एक जबाबदार माणूस, आणि त्याचा नंबर शेजाऱ्यांकडे. मालक दूर असेल तर त्याने असा माणूस पगारावर ठेवावा. यावर मालक कुरकुरतील, तिथे ठाम राहा. हा एक नियम नीट पाळला तर बाकीचे अर्धे लागतच नाहीत.

प्रत्येक गोष्टीला मुदत घाला. "एक हंगाम करून बघू, मग तुम्ही नको म्हणालात तर बंद" हे वाक्य मनापासून उच्चारता येत असेल तरच उच्चारा. थांबवण्याचा दोर हातात असला की माणसं बरंच सोसतात, हे मी वारंवार पाहिलंय. दोर खोटा निघाला तर मात्र पुढची दहा वर्षं त्या वस्तीत तुमचं कुणी ऐकणार नाही. एका ठिकाणी आमच्याच बाजूने असा शब्द मोडला गेला, आणि मला अजून तिथे जायला संकोच वाटतो.

मोजायचं असेल तर "तुम्हाला सुरक्षित वाटतं का?" असं विचारू नका. लोक भलतंच शूर उत्तर देतात. "गेल्या आठवड्यात कुठे जायचं टाळलंत?" हे विचारा, हंगामात एकदा, हंगामाबाहेर एकदा, शक्यतो त्याच माणसांना, आणि बायकांना बायकांनीच. टाळलेल्या जागांची यादी आखडली की पाठिंबा आपोआप दिसायला लागतो. यादी लांबत असेल तर उत्पन्नाचे आकडे कपाटातच राहू द्या.

पुढच्या बैठकीआधी त्या मदत क्रमांकावर रात्री साडेअकराला स्वतः फोन करून बघा. आणि रात्रीच्या फेरीला पर्यटन मंडळाच्या साहेबांनाही अवश्य न्या, फक्त दोन तास बोलायचं नाही, नुसतं चालायचं, एवढं आधी कबूल करून घ्या.